सहा दारांची खोली

आमच्या डोंगरावरच्या ऐन सिंदियान गावात नवा माणूस आला की पहिल्या कॉफीबरोबर त्याला ही बातमी मिळते: नसीफच्या वरच्या मजल्यावरच्या सित्त ओदेतनं एका हिवाळ्यात घराची सहाच्या सहा दारं जाळली. बातमी उम्म बुत्रुसच्या दुकानातून निघते. ती आधी श्वास आत ओढते, मग मिठाच्या पुड्यावर बोट आपटते. "मी काही बोलत नाही. खुर्ची जाळली, समजू शकते. पेटी जाळली, समजू शकते. पण बाई, दार? दार जाळलं की मग घर म्हणायचं कशाला?" दोन घरं पुढे गेलं की सहाची आठ होतात आणि चर्चच्या घाटापर्यंत त्यात खिडक्याही येतात.

खोटं आहे. एकही दार जळलेलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती सहाही दारं मी उचललेली आहेत, आणि एकेक दार माझ्याहून जड आहे. नसीफ म्हणजे माझे बाबा; गाव त्यांना मानानं अबू तूफीक, म्हणजे तूफीकचा बाप, म्हणतं. त्यामुळे दारं आमची, वरचा मजला आमचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकारातली पहिली लबाडीही आमचीच.

सित्त ओदेत, म्हणजे ओदेतबाई, बैरूतच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं टेलिफोनवर होती. कुणीही फोन करो, आई मेलेला असो की बिल वाढलेला, ती एकाच आवाजात म्हणायची, "थांबा, देते." कपाळाला हात लावावा आणि ताप उतरावा, असा आवाज. निवृत्त झाली तेव्हा पैसे बँकेत अडकले, पेन्शनमध्ये महिन्याची भाकरी येईना, आणि जुन्या भाड्याचं घर रिकामं करायला मालकानं हातावर थोडे डॉलर ठेवले. ते घेऊन ती जूनमध्ये डोंगरावर आली. तिचा हिशोब सरळ होता. शहरात भाडं माणसाला खातं, डोंगरावर भाडं त्याच्या चौथाईत, मग डोंगरावर राहावं.

बाबांनी तिला वरचा मजला दाखवला. पश्चिमेला तीन कमानींची खिडकी, छत इतकं उंच की बोललेलं वर जाऊन परत यायला वेळ लागतो, मधे मोठा दिवाणखाना आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. एका कोपऱ्यातून जमिनीतून निघून छतातून बाहेर जाणारं लोखंडी धुराडं. ते खालचं, म्हणजे आमच्या डिझेलच्या शेगडीचं. सोनेरी ऊन फरशीवर पसरलेलं, वाऱ्यानं पडदे हलतायत.

"म्हणजे कसं," बाबा म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं, मग ते कुठेही जावो. "म्हणजे कसं, हवा बघा."

"हिवाळ्यात थंडी असते का?" तिनं विचारलं.

"म्हणजे कसं, डोंगर आहे."

यात खोटं काहीच नाही. फक्त बाबांनी हे सांगितलं नाही की तो मजला उन्हाळ्यात शहरातून येणाऱ्यांसाठी बांधलेला आहे आणि आमच्या घराण्यातल्या एकाही माणसानं तिथे कधी नोव्हेंबर पाहिलेला नाही. आम्ही स्वतः खालच्या कमानीच्या खोलीत राहतो, जिच्या भिंती हातभर जाड आहेत आणि खिडकी पाटाएवढी. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कुणी बोललं नाही. तिनं वर्षाचं भाडं आगाऊ मोजून दिलं.

ऑक्टोबरात तिला एकेक कळायला लागलं. जनरेटरवाल्याचे पैसे दिवे लागले तरी द्यायचे आणि नाही लागले तरी द्यायचे. डिझेलचा भाव रेडिओवर सांगतात तो समुद्राकाठचा, इथे टँकर येतो तो वर चढणीचे पैसे लावून. गॅसच्या सिलिंडरला चढण, टोमॅटोला चढण. एकदा मी दुकानात उभी असताना तिनं मिठाच्या पुड्याकडे बघून विचारलं, "यालाही?"

"मीठ काय आपल्या पायांनी चढतं, सित्त ओदेत?" उम्म बुत्रुस म्हणाली.

डिझेल परवडणार नाही हे कळल्यावर तिनं पेंडीच्या विटा घेतल्या. खालच्या ऑलिव्हच्या गावांतून येतात. तेल काढून उरलेल्या पेंडीच्या काळ्या, जड विटा. एकदा पेटली की वीट तासभर जळते, स्वस्तही पडते. पण एक गोष्ट आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. विटा घ्यायच्या मागच्या वर्षीच्या. एक उन्हाळा छपरावर सुकलेल्या. तिनं घेतल्या नोव्हेंबरात, घाण्यातून थेट आलेल्या, तेलपाण्यानं थबथबलेल्या. ट्रकवाला हसत होता. बाबा अंगणात उभे होते, तेही बघत होते.

त्या संध्याकाळी वरच्या खिडक्यांतून असा धूर निघाला की पाद्रीबाबा चौकशीला आले. मी वर गेले. ओदेतमावशी दिवाणखान्यात ओव्हरकोट घालून बसली होती, डोळे लाल, समोर तिची छोटी लोखंडी शेगडी, जिचं नळकांडं खिडकीतून बाहेर काढलेलं, आणि त्यातून निघालेला निम्मा धूर परत आत येत होता.

"विटा ओल्या आहेत हे तुला माहीत होतं, नुहाद?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"म्हणजे कसं," मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

ती इतका वेळ खोकत होती की हसतेय की काय हे मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "छान करतेस. माझी करतेस का?"

खोटं कशाला बोला. मी करायचे ती तिची नक्कल गावभर प्रसिद्ध होती. मी नाकासमोर हात धरला, मान किंचित कलती केली. "थांबा, देते."

"शेवट खाली नेतेस," ती म्हणाली. "'देते' खाली पडलं की समोरच्याला वाटतं आपल्याला टाकलं. तो फोन ठेवतो. वर ठेव. पुन्हा."

मी पुन्हा केलं. तिनं मान डोलावली, आणि मग त्याच आवाजात, जणू कुणा तिसऱ्याबद्दल असावं तसं, म्हणाली, "लोक काय म्हणतायत? कधी जाईन मी?"

"ख्रिसमसपर्यंत. मी म्हणते फेब्रुवारीतल्या मार मारूनच्या सणापर्यंत टिकाल, पण त्या दिवशी इथे नसाल."

"लाव पैज."

तिच्याकडे हॉस्पिटलातला जुना कानावरचा फोन होता, डोक्यावरून पट्टी आणि ओठांपुढे काडी असलेला. मी जिंकले तर तो माझा, असं मी म्हटलं. तिनं मागितलं ते असं: वर्षातून एक काम, ती सांगेल ते, ती या घरात असेपर्यंत. मी मनात म्हटलं, तीन महिने तर राहायचंय हिला, काय बिघडतं. तिनं मला अटी दोनदा म्हणायला लावल्या, जसे टेलिफोनवर नंबर दोनदा म्हणून घेतात.

तिला जायला जागा नव्हती असं नाही. भाचा एमील समुद्राकाठी राहतो. आमच्याकडे फोन फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर लागतो, त्यामुळे जिन्याखाली जे राहतात त्यांना सगळं ऐकू येतं. एमीलचा आवाज मधात बुडवलेला. "आत्या, हट्ट कशाला? सोफा आहेच की. मुलांना शाळेतून आणायचं, थोडं स्वयंपाकाचं बघायचं, कपडे काय मशीनच धुतं, वाळत घालायचे फक्त. मीरना तर म्हणते, आत्या आल्या तर कामवालीला सांगूनच टाकू. बाकी आराम." मागून त्याची बायको मीरना, "त्यांना विचार, इस्त्री जमते का." मावशी म्हणाली, "थांबा, बघते," आणि फोन ठेवून कितीतरी वेळ त्या चौथ्या पायरीवर बसून राहिली. वर बर्फासारखी थंड फरशी आणि खाली तो सोफा. मधे एक पायरी.

आमच्याकडे सकाळच्या कॉफीची पाळी असते. हिवाळ्यात प्रत्येकीनं शेगडी पेटवून डिझेल जाळायचं नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिची पाळी तिची शेगडी, बाकीच्यांच्या बंद. हे कुणी बोलून दाखवत नाही. मावशीला वाटलं, गाव किती अगत्याचं आहे. दोन आठवडे ती रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या शेगडीपाशी बसली, संत्र्याच्या साली शेगडीवर ठेवल्या की येणारा वास तिला फार आवडायचा. मग एक दिवस उम्म बुत्रुस उठता उठता म्हणाली, "उद्या तुझ्याकडे ना, ओदेत?"

त्या आल्या. दिवाणखान्यात कोट न काढता ओळीनं बसल्या, बसथांब्यावर बसावं तशा. ओली वीट फुसफुसत होती. कॉफी कपात ओतेपर्यंत गरम होती, ओठांना लागेपर्यंत नाही. उम्म बुत्रुसनं कप खाली ठेवला आणि श्वास आत ओढला. "मी काही बोलत नाही. हवेशीर आहे."

त्यानंतर मावशी कुणाकडेच गेली नाही. पाळी फेडता येत नाही तिथे बसायचं कसं? कुणी बोलवायलाही आलं नाही. डिसेंबर लागला, घाट धुक्यात गेला, आणि वरच्या मजल्यावर दिवसभर पावलं वाजायची, सात इकडे, सात तिकडे. आई स्वयंपाक करताना मोजायची आणि एकदम तिखट जास्त घालायची.

मग पावलं थांबली आणि धपधप सुरू झाली. तीन दिवस आमच्या छतावर काहीतरी जड पडत होतं, ओढलं जात होतं. चौथ्या दिवशी बाबा वर गेले, मी त्यांच्या मागे.

दिवाणखान्याच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी उघड्या पडल्या होत्या. सहाही दारं बिजागऱ्यांवरून उचलून काढलेली. आणि कोपऱ्यात, जिथून आमचं धुराडं वर जातं, तिथे एक पेटारा उभा होता. दोन बाजूंना घराच्या भिंती, दोन बाजूंना दोन दोन दारं उभी, दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेली, वर दोन दारांचं छप्पर, फटीत चिंध्या आणि जुन्या टेलिफोन डायऱ्या कोंबलेल्या. एक दार किलकिलं करून ती बाहेर आली. अंगात कोट नव्हता.

"माझी दारं," बाबा म्हणाले. 'म्हणजे कसं' म्हणायचं विसरले.

"सहाही आहेत. मोजा."

बाबा आत वाकले. खाट, एक खुर्ची, आणि मधोमध आमचं धुराडं, तापलेलं. त्याच्या चहूबाजूंनी वीतभर अंतर ठेवून पेंडीच्या विटा रचलेल्या, कपाटातल्या पुस्तकांसारख्या. बाबांनी धुराड्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हे माझं धुराडं आहे."

"तुमचंच आहे. मी कुठे काय केलं?"

"माझ्या डिझेलवर शेकताय तुम्ही."

"धूर वर चाललाच होता, अबू तूफीक. वाटेत थांबवून दोन शब्द बोलले, इतकंच."

बाबा संतापले की त्यांचे कान आधी तांबडे होतात. त्यांनी तिथेच सुनावलं: मार मारूनच्या सणाला, नऊ फेब्रुवारीला, दारं आपापल्या चौकटीत नसली तर तिनं आपलं सामान बांधायचं, उरलेलं भाडं परत मिळणार नाही. ती "बरं" म्हणाली. दारं चौकटीत लावली तर ती गारठून मरणार आणि नाही लावली तर सोफा. एवढंच होतं त्या 'बरं'मध्ये, आणि तरी तिचा शेवट खाली गेला नाही.

बाबांनी खाली येऊन शेगडी बारीक केली. दोन दिवस आम्ही नाकाचे शेंडे चोळत बसलो. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाईला गारठवायला मला का गारठवतोस? मोठी कर." शेगडी मोठी झाली. वर ऊब गेली. बाबा छताकडे बघत बसायचे, जणू तिथून कुणी त्यांच्या खिशात हात घालतंय. भाव उतरणार असं जनरेटरवाला सांगत होता म्हणून त्यांनी डिझेल अर्ध्याच पिंपाएवढं भरलं होतं, आणि तेही आता त्यांना दोन घरांत वाटलं जाताना दिसत होतं.

तीन फेब्रुवारीला बर्फ सुरू झालं. पाच तारखेला घाट बंद. टँकरवाला खालच्या वळणावर अडकला. बाबा चौथ्या पायरीवर उभे राहून त्याच्याशी बोलले. "भाऊ, उद्या?" "भाऊ, चाक दिसलं तर सांगतो." सहा तारखेला दुपारी आमची शेगडी दोनदा खोकली आणि विझली. आम्ही फळांच्या पेट्या जाळल्या, द्राक्षवेलीच्या काटक्या जाळल्या, एक मोडका डुलता लाकडी घोडा जाळला जो माझा होता. खिडकी बर्फानं झाकली गेली, दार अर्धंच उघडायचं. हातभर जाडीच्या भिंती थंड झाल्या की परत गरम व्हायला तयार होत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. कधी विझू दिलीच नव्हती ना.

सात तारखेला सकाळी छतावर टाच वाजली. तीनदा. मी जिन्यात गेले. मावशी वरच्या पायरीवर उभी होती, परत कोटात.

"बाबांना सांग, माझ्याकडे विटा आहेत, धुराडं नाही. त्यांच्याकडे धुराडं आहे, विटा नाहीत."

"विटा ओल्या आहेत ना तुमच्या?"

"दोन महिने कुणाच्या डिझेलवर वाळल्या म्हणतेस?"

मी निरोप दिला. बाबा मिशीशी खेळत बसले. मग आईनं घोंगड्या खांद्यावर टाकल्या, किश्कचं, म्हणजे दह्या-गव्हाच्या पेजेचं, भांडं उचललं आणि जिना चढली. तासाभरानं बाबा वर आले ते हातोडी, पत्रा कापायची कात्री आणि नळीचं एक कोपर घेऊन, दुरुस्तीला बोलावल्यासारखे. त्यांनी आपल्या धुराड्याला आपल्या हातानं भोक पाडलं, तिची शेगडी त्याला जोडली, आणि दारं तापू नयेत म्हणून मधे पत्रा लावला. दाराखाली बोटभर फट मोकळी ठेवायला लावली. वीट ठेवली. ती एका काडीत पेटली.

पुढचे पाच दिवस आम्ही चौघं त्या पेटाऱ्यात होतो. बाबांचे गुडघे माझ्या पाठीत, आईचे पाय मावशीच्या खाटेखाली, आणि पाय पसरायचा तर सगळ्यांना आधी सांगावं लागे. बाहेरच्या दिवाणखान्यात गेलं की श्वास दिसायचा. आत किश्क उकळायचं, बटाटे भाजायचे, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. मला नक्कल करायला कुणी उरलं नव्हतं, कारण सगळे समोरच बसलेले. मग मी एमीलची केली. "कपडे काय मशीनच धुतं." आई इतकी हसली की दारं हलली. मावशी हसली नाही. विटेकडे बघत म्हणाली, "अजून शंभर-सव्वाशे आहेत. मोजल्यात मी."

नऊ तारखेला सकाळी चर्चची घंटा बर्फात दबून वाजली. बाबा दाराला पाठ टेकून बसले होते, त्याच दाराला, जे त्यांच्या आजोबांनी लाकूड वाहून आणून करून घेतलं होतं.

"आज नऊ तारीख आहे, अबू तूफीक," मावशी म्हणाली.

बाबांनी चारी बाजूंना पाहिलं. मग छपराकडे. त्यांचे कान तांबडे झाले, पण ते शेगडीमुळेही असेल.

"म्हणजे कसं," ते म्हणाले, "ही दारं आता हलवली तर वारा येईल."

"येईल."

"उन्हाळ्यात बघू."

बारा तारखेला घाट उघडला. टँकर आला तेव्हा बाबांनी त्याच्याशी भावावरून भांडण केलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मार्चमध्ये कॉफीची पाळी वर जायला लागली, एका वेळी तिघी, कारण चौथी मावत नाही. उम्म बुत्रुस एकदा बसून आली, दारांवर हात फिरवून आली, आणि तरी दुकानात दारं जाळल्याचंच सांगते. आता खरं सांगायचं तर मावशीच्या एका विटेपुढे आपल्या पाळीला किती डिझेल लागतं तेही तिला कबूल करावं लागेल.

आणि मी पैज हरले. एप्रिलमध्ये मावशीनं मला वर बोलावून काम सांगितलं: सहा दारं परत चौकटीत लावायची. मी लावली. दोन दिवस माझे हात वर होत नव्हते. ऑक्टोबरात तिनं पुन्हा बोलावलं. मी म्हटलं, वर्षातून एक काम ठरलं होतं. ती म्हणाली, काढणं आणि लावणं हे एकच काम आहे, बादली भरून रिकामी करण्यासारखं, आणि मी स्वतः दोनदा म्हणून दाखवलेल्या अटी तिनं माझ्या आवाजात म्हणून दाखवल्या. माझ्या आवाजात. शेवट खाली नेऊन.

हा चौथा ऑक्टोबर. काल तिसरं दार उचलताना माझा अंगठा सापडला. मी म्हटलं, "मावशी, हरले ते हरले. पण तुम्ही खाली एखादं घर तरी बघाल की नाही?"

"बघते की दर महिन्याला," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एक होतं. एकच खोली, डॉलरमध्ये भाडं, सहा महिन्यांचं आगाऊ. एमीलनं पत्ता दिला होता."

"मग?"

"मग काय. तू खालचं टोक धर."

मी धरलं.